जुन्या गाडीच्या बॉनेटखालचे आवाज : इंजिन उघडण्यापूर्वी काय ऐकावे आणि काय तपासावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी पंधरा वर्षांची, पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरची आणि टायमिंग चेन (व्हॉल्व्ह वेळेवर उघडावेत म्हणून असलेली साखळी) असलेली आहे. ती १,६०,००० किलोमीटर चालली आहे. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सुरू करताच दोन-तीन सेकंद खडखड होते, त्यानंतर आठ-दहा मिनिटे बारीक टिकटिक चालू राहते आणि रेस दिली की ती जलद होते, शिवाय हवा दमट असली की अधूनमधून चिरचिर ऐकू येते. मेकॅनिकने बॉनेट उघडून मिनिटभर ऐकले आणि ‘इंजिनचे काम आले आहे, हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उघडावे लागेल’ असे सांगितले. हे मानावे का आणि स्वतः काय तपासता येईल, हे आपल्याला हवे आहे.

आपण लिहिले आहे तेवढ्यावरून हेड उघडण्याला पुरेसे कारण मला दिसत नाही. आपण तीन वेगवेगळे आवाज सांगितले आहेत. ते वेगवेगळ्या वेळी सुरू होतात आणि वेगवेगळ्या वेळी थांबतात, म्हणून बहुधा त्यांची मुळेही वेगळी आहेत. जुन्या गाडीच्या बाबतीत सर्वांत महागात पडणारी चूक हीच असते की सगळे आवाज एका गाठोड्यात बांधले जातात, त्यांतला सर्वांत भीतिदायक तेवढा लक्षात राहतो आणि त्याच्या नावाने इंजिन खोलले जाते.

बहुतेक लोक ‘आवाज कुठून येतो?’ या प्रश्नाने सुरुवात करतात, आणि नेमके त्याच प्रश्नाचे उत्तर कान सर्वांत चुकीचे देतो. ब्लॉक आणि हेड ही धातूची सलग वस्तू आहे. तिच्या एका टोकाला झालेला आवाज दुसऱ्या टोकाला तितकाच स्पष्ट ऐकू येऊ शकतो. वॉटर पंपाच्या बेअरिंगची घरघर हेडमधून आल्यासारखी वाटते आणि सैल क्रँक पुलीची (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या टोकावरच्या चाकाची) ठकठक ऑइल चेंबरमधून येते अशी पैज मारावीशी वाटते. म्हणून जागा शेवटी शोधावी. आधी आवाज केव्हा सुरू होतो, केव्हा थांबतो, कशाच्या तालावर चालतो आणि काय केले असता बदलतो, एवढे लिहून काढावे.

त्याआधी मात्र डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढून पाहावी. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे झालेली असावी. ऑइलची पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल तर ती भरेपर्यंत बाकीच्या कोणत्याही चाचणीला अर्थ नाही, कारण कमी ऑइलमुळे टॅपेटही (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) वाजतात, चेनचा टेन्शनरही सैल पडतो आणि बेअरिंगही झिजू लागते. पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर असणेही वाईटच. क्रँक त्या ऑइलमध्ये घुसळत राहतो, ऑइलला फेस येतो आणि फेसाळलेले ऑइल हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या, टॅपेटमध्ये गेले की तेच टॅपेट टिकटिकू लागतात. ऑइलचा लाल दिवा लागत नाही म्हणून दाब ठीक आहे, असे समजू नये. बहुतेक गाड्यांत तो दिवा दाब साधारण ०.३ ते ०.५ बार इतका खाली गेल्यावरच लागतो, आणि तोपर्यंत बेअरिंगचे नुकसान सुरू झालेले असू शकते.

आता ताल. चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) एक होतो. आयडलिंगला इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर क्रँक सेकंदाला तेरा वेळा फिरतो आणि कॅमशाफ्ट सहा-सात वेळा. एका व्हॉल्व्हचा टॅपेट वाजत असेल तर तो कॅमच्या तालावर, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा वाजेल. एका सिलिंडरमधून होणारी एक्झॉस्टची गळतीही त्याच तालावर ऐकू येते, कारण प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. क्रँक पुली, फ्लायव्हील किंवा कनेक्टिंग रॉडचे (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग मात्र बहुतेक वेळा क्रँकच्या तालावर, म्हणजे दुप्पट वेगाने बोलते. कानाने हे मोजणे अवघड आहे, पण आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. दहा सेकंद ध्वनिमुद्रण करावे, ते पाव वेगाने ऐकावे आणि ठोके मोजावेत. दहा सेकंदांच्या मुद्रणात सुमारे ६७ ठोके निघाले तर वाट कॅमकडे किंवा एका सिलिंडरकडे जाते. सुमारे १३३ निघाले तर क्रँककडे. यांपैकी कोणताही हिशेब जुळत नसेल, म्हणजे रेस वाढवूनही ठोक्यांचा वेग बदलत नसेल, तर तो आवाज इंजिनच्या फिरण्याचा नाहीच. पेट्रोलची वाफ शोषून घेणाऱ्या कॅनिस्टरचा पर्ज व्हॉल्व्ह असाच स्वतःच्या लयीत टिकटिकतो. त्याचा प्लग क्षणभर काढला की आवाज थांबतो, आणि तो अगदी नैसर्गिक असतो.

आपल्या पहिल्या आवाजाकडे, सकाळच्या खडखडीकडे, येऊ. दोन-तीन सेकंदांत थांबणारी खडखड ही बहुतेक वेळा ऑइल पोहोचायला लागणाऱ्या उशिराची असते. चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चेन ताणून धरतो. रात्रभरात त्यातले ऑइल निथळून खाली गेले, तर सकाळी दाब तयार होईपर्यंत चेन सैल राहून मार्गिकेवर आपटते. यात ऑइल फिल्टरचा वाटा किती असतो, हे फार कमी लोक ध्यानात घेतात. फिल्टरच्या आत एक रबरी पडदा असतो आणि इंजिन बंद असताना ऑइल उलट वाहून जाऊ न देणे हे त्याचे काम असते. हा पडदा हलक्या प्रतीचा किंवा कडक झालेला असेल तर फिल्टर रात्रीतून रिकामा होतो आणि सकाळी पंपाला आधी तो भरावा लागतो. म्हणून पहिला उपाय साधा आहे : चांगल्या प्रतीचा फिल्टर आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचेच ऑइल. खडखड होते म्हणून जाड ऑइल घालण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. थंडीत जाड ऑइल वरपर्यंत पोहोचायला आणखी उशीर लावते आणि नेमकी हीच तक्रार वाढते, त्यामुळे तो सल्ला येथे मानू नये.

फिल्टर बदलूनही खडखड राहिली तर एक चाचणी करता येते. संध्याकाळी इंजिन चालू असताना इंधनपंपाचा फ्यूज काढावा आणि इंजिन आपोआप बंद पडू द्यावे. सकाळी फ्यूज न लावता स्टार्टरने इंजिन पाच-सहा सेकंद नुसते फिरवावे, थोडे थांबून पुन्हा एकदा फिरवावे, म्हणजे ऑइलचा दाब तयार होतो. मग फ्यूज लावून गाडी सुरू करावी. खडखड झालीच नाही, तर दोष ऑइल उशिरा पोहोचण्याचा आहे. तरीही झाली, आणि विशेषतः इंजिन गरम असतानाही आयडलिंगला पुढच्या कव्हरमागे ती थोडीथोडी ऐकू येत असेल, तर चेन लांबली आहे किंवा टेन्शनर आणि मार्गिका झिजल्या आहेत, असे धरून चालावे. ही गोष्ट लांबणीवर टाकू नये. चेन एक-दोन दात सरकली तर अनेक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, आणि मग खरोखरच हेड उघडावे लागते. पण चेन आणि टेन्शनरचे काम हे पुढचे कव्हर काढून होणारे काम आहे. ‘हेड उघडावे लागेल’ या वाक्यात ते बसत नाही.

टिकटिकीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवीन, कारण चुकीची निदाने सर्वांत जास्त इथेच होतात. थंड इंजिनात आठ-दहा मिनिटे राहणारी आणि गरम झाल्यावर विरून जाणारी टिकटिक ऐकली की जवळजवळ प्रत्येक जण ‘टॅपेट’ म्हणतो. माझ्या अनुभवात अशा गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत टॅपेट निर्दोष निघतात आणि दोष एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (हेडमधून जळलेला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमध्ये, तुटलेल्या स्टडमध्ये किंवा मॅनिफोल्डला गेलेल्या बारीक तड्यात सापडतो. थंड असताना फट उघडी असते, प्रत्येक वेळी जळलेला वायू तीतून फटकन बाहेर पडतो आणि कानाला तो धातूवर धातू आपटल्यासारखा वाटतो. मॅनिफोल्ड तापून प्रसरण पावले की फट बुजते आणि आवाज थांबतो. आपले वर्णन या नमुन्याशी फार जुळते.

हे ओळखण्यासाठी पाने लागत नाहीत, फक्त सकाळची वेळ आणि पूर्ण थंड इंजिन लागते. प्रथम टॉर्चच्या उजेडात मॅनिफोल्ड आणि हेड यांच्या सांध्यावर काळ्या काजळीचे पट्टे दिसतात का पाहावे. गळती असेल तिथे काजळी पंख्याच्या आकारात पसरलेली असते आणि बोटाला कोरडी लागते. ऑइलचा डाग असेल तर बोटाला चिकट लागतो. नंतर गाडी सुरू करून, दुसऱ्या माणसाला जाड कापडाचा बोळा सायलेन्सरच्या तोंडाशी दोन-तीन सेकंद हलकेच दाबून धरायला सांगावे. वायूला मागून अडथळा झाला की गळतीचा आवाज लगेच वाढतो, टॅपेटचा आवाज आहे तसाच राहतो. ही चाचणी सुरू केल्यापासून पहिल्या मिनिटातच उरकावी. तापलेल्या पाइपाजवळ हात नेऊ नये. गळती सापडली तर ती दुरुस्त होईपर्यंत गाडी बंद जागेत चालू ठेवू नये, कारण बॉनेटखाली साचणारा कार्बन मोनॉक्साइड हवा आत घेणाऱ्या झडपेतून थेट प्रवाशांपर्यंत जातो आणि त्याला वास नसतो. शिवाय ऑक्सिजन सेन्सरच्या आधी अशी फट असली तर दोन ठोक्यांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी असलेले) वाटते आणि इंजिन विनाकारण जादा पेट्रोल घेऊ लागते. कमी झालेले मायलेज आणि सकाळची टिकटिक या दोन तक्रारी एकत्र आल्या की मी सर्वांत आधी मॅनिफोल्डकडे जातो, ते याच कारणाने.

गॅस्केट निर्दोष निघाले तर स्पार्क प्लगकडे वळावे. नीट न आवळलेल्या प्लगच्या आट्यांतून वायू निसटतो आणि तोही टिकटिकच करतो. प्लगच्या बुडाशी काळे किंवा तपकिरी वर्तुळ दिसते. जुन्या गाडीतली प्लगची वायर किंवा कॉइलची टोपी तडकली असेल तर ठिणगी बाहेरच्या बाहेर धातूवर उडते. तिचा आवाज कोरडा आणि टोकदार असतो, इंजिन मिसिंग करते, आणि अंधारात बॉनेट उघडून पाहिले की निळसर ठिणगी डोळ्यांना दिसते. तिथे हात लावून खात्री करण्याचा मोह टाळावा, कारण तो दाब हजारो व्होल्टचा असतो. इंजेक्टरची टिकटिक बारीक, एकसारखी, सगळ्या सिलिंडरवर समान असते आणि इंजिन गरम झाल्यावरही टिकते; तिच्यासाठी काहीही करू नये.

राहिला खराखुरा टॅपेट. आपल्या गाडीत हायड्रॉलिक टॅपेट असतील आणि टिकटिक दहा मिनिटांनी जात असेल, तर नवे ऑइल घालून काही शे किलोमीटर गाडी चालवून पाहणे हाच पहिला उपचार आहे. अडकलेला टॅपेट पुष्कळदा तेवढ्याने मोकळा होतो. स्क्रूने किंवा शिमने जुळवायचे टॅपेट असतील तर इंजिन पुस्तिकेत सांगितलेल्या तापमानाला आणून फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) गाळा, म्हणजे टॅपेटजवळची मोकळी फट, मोजावा. हा गाळा मिलिमीटरच्या काही दशांशांचा असतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा बहुधा इनलेटपेक्षा थोडा जास्त असतो. येथे एक कळकळीची विनंती आहे : आवाज पूर्ण बंद व्हावा म्हणून गाळा ठरलेल्या मापाहून कमी करून घेऊ नये. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता बरीचशी सीटवर टेकतानाच बाहेर टाकतो. गाळा कमी पडला तर तापल्यावर तो पुरता टेकत नाही, कडेने जळू लागतो, आणि आवाज न करता जळतो. थोडा बोलणारा टॅपेट मी वर्षानुवर्षे चालू दिला आहे, पण घट्ट आवळून गप्प केलेल्या टॅपेटने जाळलेले व्हॉल्व्ह मी हातात घेऊन पाहिले आहेत. त्यांच्या कडेला मक्याच्या दाण्याएवढा तुकडा खाल्ल्यासारखा नाहीसा झालेला असतो.

चिरचिर हा तिघांतला सर्वांत निरुपद्रवी आणि सर्वांत सोपा आवाज आहे. दमट हवेत येणारा, काही मिनिटांत जाणारा आवाज बेल्टचा असतो. इंजिन चालू असताना लांबून, बेल्टच्या खाचांच्या बाजूवर, फवाऱ्याच्या बाटलीने थोडे साधे पाणी मारावे. आवाज तत्काळ थांबला आणि पाणी सुकल्यावर परत आला, तर एखादी पुली रेषेत नाही. आवाज उलट वाढला, तर बेल्ट घसरतो आहे, म्हणजे ताण कमी आहे किंवा बेल्ट गुळगुळीत झाला आहे. बेल्टला चिरा नाहीत म्हणून तो चांगला, हा निकष जुना झाला आहे. आजच्या रबराचे बेल्ट फारसे चिरत नाहीत, टायरसारखे झिजतात आणि खाचा खोल होत जातात. चीक-चीक असा आवाज सेकंदाला साधारण तीनदाच येत असेल तर बेल्टवरच एका जागी दोष आहे : १,८०० मिलिमीटरचा बेल्ट १४० मिलिमीटर व्यासाच्या क्रँक पुलीवर चालत असेल तर त्याचा एक फेरा पुरा व्हायला क्रँकचे सुमारे चार फेरे लागतात. बेल्टवर फवारायचे मेण किंवा स्प्रे वापरू नये. त्याने आवाज दोन दिवस दबतो आणि दोष झाकला जातो.

बेल्टच्या निमित्ताने एक अशी चाचणी सांगतो, जी एका मिनिटात अर्धे इंजिन संशयातून मुक्त करते. इंजिन बंद आणि थंड असताना बेल्ट कसा गुंडाळला आहे त्याचा फोटो काढावा, बेल्ट उतरवावा, आणि इंजिन तीस-चाळीस सेकंद बेल्टशिवाय चालवावे. आवाज गेला तर तो अल्टरनेटर, वॉटर पंप, एसीचा कॉम्प्रेसर, पॉवर स्टिअरिंगचा पंप किंवा टेन्शनरची पुली यांपैकी एकाचा आहे. आवाज कायम राहिला तर हे सगळे निर्दोष आहेत. वॉटर पंप याच बेल्टवर चालत असेल तर त्या वेळात पाणी फिरत नसते, म्हणून मिनिटाच्या आत इंजिन बंद करावे. बॅटरीचा दिवा लागेल, त्याची काळजी नको. बेल्ट उतरलेला असतानाच प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहावी. चांगली पुली गुपचूप फिरते आणि लवकर थांबते, कारण बेअरिंगमध्ये ग्रीस असते. वाळलेली पुली भिंगरीसारखी फिरत राहते आणि खरखरते. वॉटर पंपाची पुली वर-खाली हलते का आणि पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी वाळलेल्या कूलंटचा ओघळ आहे का, हेही तेव्हाच पाहावे.

जागा शोधण्याची वेळ आता येते. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप मिळाला तर उत्तम, नाहीतर लांब स्क्रू ड्रायव्हर पुरतो. त्याचे टोक न फिरणाऱ्या धातूवर टेकवावे आणि मुठीचा मागचा भाग कानापुढच्या हाडावर दाबावा. मूठ कानात घालू नये, हात हिसकला तर पडद्याला इजा होते. अल्टरनेटरच्या कवचावर टोक टेकवले की चांगल्या बेअरिंगचा एकसंध सूं ऐकू येतो. बिघडलेल्या बेअरिंगच्या त्याच सूंमध्ये जात्यात वाळू पडल्यासारखी खरखर मिसळलेली असते, आणि ती ऐकू येण्याआधी तळहाताला कळते. शंका असलेल्या भागाबरोबर त्याच्या शेजारचा निर्दोष भागही ऐकावा, म्हणजे कानाला तुलना मिळते. फुसफुस शोधायला स्क्रू ड्रायव्हर उपयोगाचा नाही. त्यासाठी हातभर रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक व्हॅक्यूमच्या पाइपांवरून हळूहळू फिरवावे. ब्रेक दाबताच फुसफुस बदलली तर ब्रेक बूस्टर किंवा त्याचा पाइप तपासावा, आणि ते काम लगेच करावे. हे सगळे करताना सैल बाह्या, ओढणी, लोंबती साखळी काहीही अंगावर नसावे. रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही अचानक सुरू होतो, हे विसरू नये.

आपल्या वर्णनात नसलेला, पण आपल्याला ज्याची भीती घातली गेली आहे, त्या आवाजाबद्दल लिहिणे आवश्यक आहे. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले की खोल, जड ठकठक येते. ती आपल्या टिकटिकीच्या अगदी उलट वागते : थंड असताना कमी, इंजिन तापून ऑइल पातळ झाले की जास्त. रेस सुमारे २,००० ते २,५०० फेऱ्यांपर्यंत नेऊन हळूच सोडली की उतरताना ती दुहेरी, घाईघाईने वाजते. एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचा प्लग काही सेकंद काढून पाहिले तर दोषी सिलिंडरवर ठकठक स्पष्टपणे कमी होते. स्पार्क प्लगची वायर उपटून ही चाचणी करण्याची जुनी रीत इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत टाळावी, त्याने कॉइल जाते आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पोहोचते. याच्याशी फसवे साम्य असणारा पिस्टनचा आवाज थंडीत पोकळ टकटक करतो आणि गरम झाल्यावर शांत होतो, कारण ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरपेक्षा जवळजवळ दुप्पट प्रमाणात प्रसरण पावून गाळा भरून काढतो. असा पिस्टन अनेक वर्षे चालू शकतो.

माझ्याकडे एकदा एक गाडी आली होती, जिच्या मालकांना दोन ठिकाणी ‘बिग एंड (कनेक्टिंग रॉडचे क्रँककडचे बेअरिंग) गेले’ असे सांगण्यात आले होते. ठकठक खोल होती, क्रँकच्या तालावर होती, आणि मीही पहिल्या दिवशी तसेच मानले. इंजिन उतरवण्याआधी ऑइलचा दाब मोजला तर तो गरम इंजिनातही भरपूर निघाला, आणि एकाही सिलिंडरचा इंजेक्टर बंद केल्याने ठकठकीत फरक पडला नाही. तेव्हा क्रँक पुलीवर मधल्या हबपासून बाहेरच्या कड्यापर्यंत खडूची एक सरळ रेघ ओढली आणि गाडी दहा मिनिटे चालवली. परत पाहिले तर रेघ तुटली होती. बाहेरचे कडे हबच्या मानाने बोटभर सरकले होते. त्या दोहोंमधले रबर सुटले होते आणि कडे सैल होऊन आपटत होते. पुली बदलली, ठकठक थांबली. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सकडच्या फ्लेक्सप्लेटला (क्रँकला जोडलेल्या पातळ तबकडीला) तडा गेला किंवा तिचे बोल्ट सैल झाले, तरी हुबेहूब असाच आवाज येतो. तेव्हापासून खडूची रेघ आणि ऑइलच्या दाबाचे मोजमाप झाल्याखेरीज मी कोणत्याही ठकठकीसाठी इंजिन खोलत नाही.

इतर काही आवाज ओळखायला सोपे आहेत. चढावर किंवा वरच्या गिअरमध्ये जोर देताना येणारी किणकिण ही नॉकिंगची असते. इंधनाचा कमी ऑक्टेन, ठिणगीचे पुढे गेलेले टायमिंग, साचलेला कार्बन किंवा जास्त तापलेले इंजिन यांत तिचे कारण सापडते. क्लच दाबल्यावर सुरू होणारी घरघर रिलीज बेअरिंगची असते, आणि न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर येणारी व दाबल्यावर थांबणारी घरघर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगची. स्टिअरिंग पूर्ण वळवताना कण्हल्यासारखा आवाज आला तर पंपाच्या टाकीतली पातळी पाहावी. एखाद्याच ठरावीक वेगाला होणारी पत्र्याची झणझण बहुधा सैल उष्णतारोधक पत्र्याची असते. इंजिन थंड असताना मुठीने हलके ठोकले की तीच झणझण पुन्हा ऐकू येते. इंजिन बंद केल्यावर होणारी टिंगटिंग ही थंड होत आकसणाऱ्या एक्झॉस्टची आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करावे.

आपण आता असे करावे, असे मला वाटते. आज डिपस्टिक पाहावी. उद्या सकाळी थंड इंजिनावर खडखड आणि टिकटिक यांचे मुद्रण करावे, काजळी शोधावी आणि कापडाची चाचणी करावी. या आठवड्यात ऑइल आणि चांगला फिल्टर बदलून घ्यावा, आणि जुना फिल्टर फेकू देऊ नये : त्याचे कवच कापून आतला घडीचा कागद उघडावा आणि उन्हात तिरका धरून पाहावा. थोडी करडी धूळ असणे स्वाभाविक आहे. तांबूस किंवा रुपेरी चकचकीत पापुद्रे दिसले आणि ते लोहचुंबकाला चिकटत नसतील, तर ते बेअरिंगचे असू शकतात आणि आपल्या मेकॅनिकची भीती गंभीरपणे घ्यावी लागेल. चिकटणारे लोखंडी कण चेनकडे किंवा कॅमकडे बोट दाखवतात. त्याच वेळी ऑइलच्या दिव्याच्या सेन्सरच्या जागी गेज लावून गरम इंजिनाचा ऑइलचा दाब मोजून घ्यावा. मापे पुस्तिकेत दिलेली असतात. ती हाताशी नसतील तर दर १,००० फेऱ्यांमागे सुमारे १० पीएसआय हा जुन्या कारागिरांचा अंदाज कामचलाऊ म्हणून चालतो.

मेकॅनिककडे परत जाताना ‘आवाज येतो’ एवढेच सांगू नये. गाडी आदल्या रात्री त्यांच्याकडे ठेवावी, म्हणजे सकाळी पूर्ण थंड इंजिन ते स्वतः सुरू करतील. तापलेल्या गाडीत आपली टिकटिक त्यांना ऐकू येणारच नाही, आणि मिनिटभर ऐकून दिलेले निदान कदाचित म्हणूनच चुकले असेल. मुद्रण ऐकवावे, दाबाचे आकडे आणि कापलेला फिल्टर समोर ठेवावा, आणि हेड उघडायचे असेल तर कोणत्या मोजमापावरून, हे विनयाने विचारावे. कॉम्प्रेशन किंवा लीक-डाउन चाचणीचे (सिलिंडर दाब किती धरतो हे पाहणाऱ्या चाचण्यांचे) सिलिंडरनिहाय आकडे त्यांनी दाखवले आणि एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल, तर हेड उघडण्याला माझीही संमती आहे. तोपर्यंत, ऑइलची पातळी आणि दाब योग्य असेल तर, गाडी सावकाश चालवायला हरकत नाही. फक्त सकाळची खडखड तीन सेकंदांवरून पाच-सहा सेकंदांवर गेली, किंवा गरम इंजिनात ऐकू येऊ लागली, तर त्या दिवसापासून चेन तपासून होईपर्यंत गाडी उभी ठेवावी.